सॉस वेगळ्या वाटीत: चोखंदळ मोठ्या मुलांना घेऊन सुट्टीत बाहेर जेवताना

तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन चार घास भरवता येतात. तेरा वर्षांचं मूल मेन्यूकार्ड मिटून ‘मला भूक नाही’ म्हणतं, तेव्हा ती सोय नसते. मुलांसाठीचा वेगळा मेन्यू बहुतेक ठिकाणी दहा-बारा वर्षांपर्यंतच मिळतो. मिळाला तरी ते ताट या वयाला पुरत नाही, आणि पुरलं तरी शेजारच्या टेबलावरचं पाच वर्षांचं पोर तेच खात असताना ते मागवायची लाज वाटते.

तयारी घरूनच सुरू करावी. मूल काय खात नाही याची यादी बहुतेकांकडे असते. ते का खात नाही, याची यादी क्वचितच कुणी केलेली असते आणि बाहेर जेवताना उपयोगी पडते ती हीच. ‘त्याला भाज्या आवडत नाहीत’ हे वाक्य वेटरच्या काही कामाचं नाही. ‘ओला सॉस भाताला लागलेला चालत नाही’ हे आहे. नकार बहुधा चारपैकी एका जागी असतो: पदार्थ एकमेकांत मिसळलेले असणं, दाताखाली अचानक लागणारा मऊ तुकडा, वास, किंवा वर भुरभुरलेलं काहीतरी हिरवं. भाजी कडू लागण्याचं कारण तर कधीकधी जन्मजात असतं. टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारानुसार कोबी-ब्रोकोलीच्या जातीच्या भाज्या काहींना इतरांपेक्षा जास्त कडू लागतात. म्हणजे प्रत्येक वेळी ‘नाटक’ नसतं.

दुसरी बाजू स्वयंपाकघराची. ‘हे नको, ते काढून द्या’ म्हटलं की काही गोष्टी सहज होतात आणि काही होऊच शकत नाहीत. शेवटच्या मिनिटाला वरून पडणारं सगळं टाळता येतं: चीज, कच्चा कांदा, ड्रेसिंग, सजावटीची पानं. सकाळीच करून ठेवलेलं टाळता येत नाही: मुरवत ठेवलेल्या मांसाचा मसाला, पिठात कालवलेलं मिरं, मिक्सरमधून काढलेला सॉस, सूपचा अर्क, भरलेलं सारण. ‘सूपमधला कांदा काढा’ या विनंतीवर वेटर मान डोलावेल, पण तो कांदा सूपमध्ये कधीच विरघळलेला असतो. म्हणून मेन्यू वाचताना पदार्थाच्या नावापेक्षा तो कधी आणि कसा तयार होतो ते बघावं. अंड्याचं आम्लेट ऑर्डर आल्यावरच होतं, पाच-सात मिनिटांत होतं, आणि त्यात काय पडेल हे पूर्ण आपल्या हातात असतं. साधा पास्ता लोण्यावर परतून देणं बहुतेक ठिकाणी जमतं. भाजलेला अख्खा बटाटा चांगला पर्याय, पण भट्टीत त्याला तासभर लागतो. तो आधी भाजून ठेवला असेल तरच मिळतो. साधा भात दिसायला साधा असतो, पण काही स्वयंपाकघरांत तो मांसाच्या अर्कात शिजवलेला असतो. शाकाहारी असाल तर हे विचाराच. तळलेले बटाटेही मांस-मासे तळलेल्याच तेलातून येऊ शकतात.

आदल्या संध्याकाळी दोन-तीन ठिकाणांची मेन्यूकार्डं फोनवर मुलालाच वाचायला द्यावीत. या वयात ही निवड पालकांनी करू नये. जिथे त्याला नक्की खाता येईल असा एक पदार्थ आणि ‘कदाचित’ या रकान्यातला एक सापडेल, ते ठिकाण चालेल. वीस ठिकाणं शोधत गल्लीबोळ हिंडण्यात जी भूक खवळते, तिने निम्मी भांडणं होतात.

वेळही पाहावी. दुपारी एक-दीडला गर्दी ऐन भरात असते. तेव्हा स्वयंपाकी चिठ्ठी बघून हात चालवतो, तोंडी सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. बारा-सव्वाबाराला गेलात तर तेच काम नीट होतं. मात्र काही स्वयंपाकघरं दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधे बंद असतात, तेव्हा साडेतीनला भुकेलं मूल घेऊन पोचू नका. बदल सांगताना तो चिठ्ठीवर लिहिला जातोय ना ते पाहा आणि वेटरला एकदा परत वाचून दाखवायला सांगा. एका पदार्थात दोनपेक्षा जास्त बदल नकोत. तिसरा हमखास हुकतो. सगळ्यांत उपयोगी विनंती एकच आहे: सॉस वेगळ्या वाटीत. काही काढावं लागत नाही, कुणाला राग येत नाही, आणि ताटातला कोरडा भाग कोरडाच राहतो.

एक खोटं मात्र बोलू नये. ‘त्याला अ‍ॅलर्जी आहे’ म्हटलं की काळजी घेणारं स्वयंपाकघर चिरायची वेगळी फळी, वेगळी भांडी काढतं. मग तेच मूल वडिलांच्या ताटातला तोच पदार्थ उचलून खातं आणि पुढच्या खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याकडे तिथे जरा कमी गांभीर्याने बघितलं जातं. ‘त्याला आवडत नाही’ एवढं पुरतं.

ऑर्डर मुलाने स्वतः सांगावी. वेटरसमोर ‘हा काहीच खात नाही हो’ हे वाक्य उच्चारलं की उरलेलं जेवण गेलंच म्हणून समजा. त्याचा नक्कीचा पदार्थ आधी मागवावा आणि आला की लगेच वाढावा. सगळ्यांची ताटं एकदम यायची वाट बघत पाव आणि शीतपेयावर अर्धा तास काढला की पोट भरलेलं असतं. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोला कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. पेय जेवणाबरोबर किंवा नंतर, आधी पाणी.

ताट आलं की पहिल्या मिनिटातच बघा. चूक असेल तर तेव्हाच परत द्या. चमच्याने सॉस खरवडून ‘आता खा’ म्हणणं व्यर्थ आहे, वास आणि ओल मागे राहतेच. नवीन पदार्थ मोठ्यांच्या ताटात राहू द्या, मधे एक रिकामी बशी ठेवा. त्याला वाटलं तर उचलेल. उचलला तर टाळ्या नकोत, थुंकला तरी प्रवचन नको. अनोळखी चव पचनी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावं लागतं, म्हणून सहा दिवसांच्या सहलीकडून ही अपेक्षाच ठेवू नये.

बुफे असेल तर आधी ताट न घेता एक फेरी मारून येऊ द्या. पदार्थ डोळ्यांना दिसतो हा मोठा फायदा. पण गरम म्हणून मांडलेला पदार्थ कोमट लागला तर सोडून द्या. तो साठ अंशांच्या वर राहायला हवा.

सात दिवसांत चौदा मुख्य जेवणं होतात. त्यांतली निम्मी त्याच्या सोयीची, निम्मी घरच्यांच्या, असं आधीच बोलून ठेवावं. खरं पोषण न्याहारीला उरकून घ्यावं: अंडी, दूध, दही, एखादं फळ. बाकी आठवडाभर पास्ता आणि बटाटा खाल्ल्याने धडधाकट मुलाला काही होत नाही. फार तर पोट साफ होत नाही, म्हणून पाणी आणि सालासकट सफरचंद. मात्र खाद्यपदार्थांची यादी वर्षागणिक आखडत चालली असेल, वजन घटत असेल किंवा घास अडकण्याची भीती बसली असेल, तर तो चोखंदळपणा नव्हे. २०१३ पासून वैद्यकात त्याला एआरएफआयडी (अन्न टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार) असं वेगळं नाव आहे. सहलीआधी बालरोगतज्ज्ञांना भेटा.

पिशवीत रोजचा, त्याच ब्रँडचा कोरडा खाऊ दोन जेवणांपुरता ठेवावा. जेवणाआधी दीड-दोन तास तो बाहेर काढायचा नाही, आणि हॉटेलच्या टेबलावर तर नाहीच. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं चालत नाही. जेवण फसलंच तर बिल देऊन बाहेर पडा, बाकावर बसा आणि मग पुडा फोडा.