पान नवं, नाव तेच

संपादकांनी तक्रार माझ्याकडे पाठवली तेव्हा ती एका ओळीची होती: ‘एक वाचक म्हणतात, साइटवरच्या लिंका चालत नाहीत.’ मी दहा-बारा लिंका दाबून पाहिल्या, सगळ्या चालत होत्या. तसं कळवून मोकळी होणार होते. पण सोबत त्या बाईंचा नंबर होता, म्हणून फोन केला.

त्यांना दिसत नाही, त्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतात. नवं पान उघडलं की स्क्रीन रीडर आधी त्या पानाचं टायटल बोलतो. हे टायटल म्हणजे लेखाच्या डोक्यावरची मोठी अक्षरं नव्हेत, तर ब्राउझरच्या टॅबवर असतं ते. त्यांनी फोन स्पीकरजवळ धरला आणि मला ऐकवलं. मुखपृष्ठ उघडलं: साइटचं नाव आणि घोषवाक्य. लेख उघडला: साइटचं नाव आणि घोषवाक्य. दुसरा लेख, पुन्हा तेच. “मला वाटतं लिंक लागलीच नाही,” त्या म्हणाल्या. “मग मागे जाते, परत दाबते. एकेका लेखाला तीन-तीनदा होतं असं, ताई.”

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या थीम, म्हणजे पानांचे साचे, बनवणं हे माझं रोजचं काम. टॅबकडे मात्र मी कधी नीट पाहत नाही, कारण वीस टॅब उघडे असले की तिथे नुसतं चिन्ह उरतं. ऐकून तर एकदाही पाहिलं नव्हतं.

हेडरची, म्हणजे प्रत्येक पानाच्या सुरुवातीचा कोड असलेली, फाइल उघडली. ही थीम 2013 मध्ये मीच लिहिलेली. तेव्हा वर्डप्रेसचं टायटलचं फंक्शन मुखपृष्ठावर रिकामंच परत यायचं, म्हणून जो तो हेडरमध्ये स्वतःची ‘इफ-एल्स’ची शिडी बांधायचा: लेख असेल तर हे, विभाग असेल तर ते, शोध असेल तर आणखी काही. माझ्यानंतर कोणीतरी एसईओचं (सर्च इंजिनात साइट वर यावी यासाठीचं) प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, बसवलं आणि ‘आता टायटल प्लगइन बघेल’ असं समजून शिडीच्या पायऱ्या काढल्या. शोधाची तेवढी ठेवली, बाकी सगळीकडे साइटचं नाव आणि घोषवाक्य. प्लगइन आपलं टायटल छापत होतं, पण माझ्या ओळीच्या खाली. एका पानात दोन टायटल टॅग (कोडमधल्या टायटलच्या खुणा) असले की ब्राउझर पहिला धरतो. संपादकांच्या लोकांनी वर्षभर एकेका लेखाला जपून शीर्षक लिहून प्लगइनच्या चौकटीत भरलं होतं, आणि त्यातलं एकही टॅबपर्यंत पोचलं नाही. प्लगइनच्या पूर्वदर्शनात सगळं छान दिसत होतं, म्हणून खऱ्या पानाचा सोर्स कोणी उघडला नाही. आमच्या धंद्यातली ही सवय मला फार खटकते.

आणि ती उरलेली शोधाची पायरी! वाचकानं टाइप केलेला शब्द पत्त्यातून उचलून जसाच्या तसा टायटलमध्ये छापलेला होता, एस्केप न करता, म्हणजे त्यातली कोडची चिन्हं निष्प्रभ न करता. शोधशब्दाच्या जागी टायटलचा बंद टॅग आणि पुढे स्क्रिप्ट (चालणारा कोड) घातलेली लिंक कोणी वाचकाला पाठवली असती, तर ती स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये चालली असती. ही ओळ माझी होती. इतकी वर्षं ती तिथे उघडी पडून होती.

दुरुस्ती तशी छोटी. डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या 4.1 आवृत्तीपासून थीमनं ‘टायटल-टॅग’ला सपोर्ट आहे एवढं एका ओळीत जाहीर केलं की टायटल वर्डप्रेस स्वतः छापतं. हेडरमधला टॅग काढला, ती ओळ घातली. मग 4.4 मध्ये आलेला टायटलच्या भागांचा फिल्टर (ते भाग बदलू देणारी सोय) लावला. त्यात चार भाग हाती येतात: शीर्षक, पान क्रमांक, घोषवाक्य, साइटचं नाव. लेखाचं शीर्षक पहिलं आणि साइटचं नाव शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. ऐकणाऱ्याला पहिल्या दोन शब्दांत कळलं पाहिजे आपण कुठे आलो. मध्ये उभी रेघ की डॅश, हेही बाईंना विचारलं. त्यांच्याकडे उभी रेघ मोठ्यानं उच्चारली जात होती, डॅश नाही. डॅश ठेवला.

आपण कुठल्या पानावर आहोत हे विचारणाऱ्या वर्डप्रेसच्या ‘इज होम’ आणि ‘इज फ्रंट पेज’ या दोन तपासण्यांचा घोळ इथे जवळपास प्रत्येक जण घालतो. मुखपृष्ठावर ताजे लेख असतील तर दोन्ही खरे ठरतात. पण मुखपृष्ठ म्हणून एखादं स्थिर पान लावलं, की ‘इज होम’ तिथे खोटं होतं आणि लेखांच्या यादीच्या पानावर खरं. या साइटवर तसंच होतं. यादीच्या दुसऱ्या पानाचा आकडा आणि तुकडे पाडलेल्या लांब लेखाच्या दुसऱ्या पानाचा आकडाही वेगवेगळ्या चलांत (व्हेरिएबल्समध्ये) असतो. वर्डप्रेस दोन्ही बघून मोठा घेतं. माझ्या जुन्या शिडीनं यातला एकच पाहिला होता.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. यादीतून लेख उघडले की आता बरोबर बोलत होतं. “पण लेखाच्या तळाचं ‘पुढचा लेख’ दाबलं की काहीच बोलत नाही,” त्या म्हणाल्या.

तिथे पान नव्यानं उघडतच नव्हतं. जावास्क्रिप्ट पुढचा लेख मागवून जागच्या जागी बदलत होती आणि ‘पुशस्टेट’ या ब्राउझरच्या फंक्शननं पत्ता बदलत होती. लिहिणाऱ्यानं त्याला दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायची दुसरी माहिती, म्हणून नवं शीर्षक दिलं होतं. बहुतेक ब्राउझर त्याकडे लक्ष देत नाहीत. त्यामुळे माझ्या दुरुस्तीनंतर टॅबवर आधीच्या लेखाचं नाव चिकटून राहत होतं. सकाळपर्यंत टायटल मोघम होतं, आता चक्क चुकीचं झालं होतं. मी स्क्रिप्टमधून ‘डॉक्युमेंट टायटल’ (उघड्या पानाचं टायटल) बदललं. टॅबवरचं नाव बदललं, स्क्रीन रीडर तरी गप्प, कारण त्याच्या लेखी नवं पान आलंच नव्हतं. लेखाच्या मथळ्याला ‘टॅबइंडेक्स’ उणे एक देऊन (त्यामुळे कोडमधून तिथे फोकस नेता येतो) फोकस, म्हणजे कीबोर्डची चालू जागा, तिथे नेला, तेव्हा नाव ऐकू आलं.

ते चाललं होतं, तरी रात्री मी ती सगळी स्क्रिप्ट काढून साधी लिंक ठेवली. डिझायनर नाराज आहे. लेख हळूच सरकत येणं त्यानं मन लावून केलं होतं आणि ते खरंच सुंदर दिसायचं. अपंगांसाठीची वेगळी सोय नंतर बघू, असं तो म्हणाला. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, त्यांचा 2.4.2 हा निकष पानाला त्याचा विषय सांगणारं शीर्षक असावं एवढंच मागतो, आणि तो ‘ए’ पातळीचा आहे, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा. वेगळी सोय कसली त्यात? पण त्याची मेहनत मी एका रात्रीत पुसली, फोकसचा उपाय सापडलेला असताना. तेवढं मात्र मला अजून टोचतं आहे.

2013 च्या त्या हेडरवरून पुढे मी सहा थीम केल्या. शोधाची ती पायरी सहाही ठिकाणी आहे. आज चार दुरुस्त झाल्या. उरलेल्या दोन साइटचे पासवर्ड आता माझ्याकडे नाहीत. त्यांच्या मालकांना लिहिलं आहे, नेमकी कोणती ओळ बदलायची तेही सोबत दिलं आहे. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करणार आहे.