प्रेमाची फी

मूकपटातली बाई नाचायला किंवा सर्कशीत गेली की समजायचं, शेवटच्या रिळात तिची धडगत नाही. ती आरशासमोर रंगायला बसली की मी आपली पुटपुटते, 'बाई गं, ऊठ आणि घरी जा.' ती जात नाही. गेली असती तर बघायला तरी काय उरलं असतं म्हणा!

डेन्मार्कचा १९१० चा 'अफग्रुन्डेन' बघा. आस्ता नील्सेन त्यात पियानो शिकवणारी मुलगी. पाद्र्याच्या सालस मुलाला सोडून ती सर्कसवाल्याबरोबर पळते आणि शेवटी त्याचाच खून करून बसते. पण मधे ती त्या गड्याला दोरानं बांधून त्याच्याभोवती घोटाळत नाचते, तो नाच काही दिग्दर्शक उर्बान गाड लवकर आटोपता घेत नाही. गोष्टीनं शिक्षा फर्मावायची आणि कॅमेऱ्यानं डोळे भरून बघायचं! (तीनच वर्षांनी आपल्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके लुगडं नेसले.)

रशियातल्या येवगेनी बाउअरच्या १९१७ च्या 'मरणारा हंस'मध्ये तर नायिका मुकीच आहे. मूकपटात! ही वेरा कराल्ली म्हणजे मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेची खरीखुरी नर्तिका. तिच्या उदास चेहऱ्यात एका चित्रकाराला मृत्यू सापडतो. पुढे प्रियकर परत येतो, चेहरा खुलतो, आणि आपलं चित्र बिघडतंय म्हणून हा चित्रकार तिचा गळा दाबतो.

माझा जीव मात्र जडलाय जपानी दिग्दर्शक मिझोगुचीच्या 'ताकी नो शिराइतो'वर. साल १९३३. बाकीचं बरंचसं जग बोलपटांकडे वळलेलं, पण जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट रंगवणाऱ्या बेन्शींचा दबदबा एवढा की मूकपट अजून तग धरून होते. नायिका शिराइतो फिरत्या मंडळीत पाण्याचे खेळ करते. पंख्यातून, तलवारीतून कारंजी उडवते. घोडागाडी हाकणाऱ्या किन्याला ती म्हणते, तोक्योला जा, कायदा शीक, पैसे मी पाठवीन. प्रेम की कला हा पेच इथे नाहीच. कलेच्या कमाईतून प्रेमाची फी भरायची आहे. हिवाळ्यात खेळाला माणूस फिरकेना, तरी फी थांबत नाही. मग सावकार, तिच्या हातून त्याचा खून, आणि कोर्टात समोर सरकारी वकील म्हणून उभा किन्या. तिच्याच पैशानं शिकलेला! वकिली हवी की प्रेम, असं त्याला तोवर कुणी विचारलेलंही नसतं.

आणि ही शिराइतो झालेली इरिए ताकाको? तिची तेव्हा स्वतःची कंपनी होती आणि हा चित्रपट त्याच कंपनीचा. पडद्यावर पुरुषाच्या शिक्षणापायी मातीत जाणारी बाई पडद्यामागे मालकीण. मला खरं तर तोच सिनेमा बघायचाय: इरिएबाई जमाखर्चाची वही उघडून बसल्यात, मिझोगुची आणखी एक टेक मागतोय, आणि त्या म्हणतायत, फिल्म काय फुकट येते?

तो कुणी काढलाच नाही.