गणपूर्ती

मंगळवार, रात्री साडेअकरा

राज्यघटनेची वही निळी, प्राचीन इतिहासाची तांबडी. दोन वर्षं दोन्ही एकाच टेबलावर आहेत, पण एकीचं दुसरीशी काही नातं असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. आज आलं, तेही एका शब्दामुळे.

सकाळी कलम १८९ करत होते. राज्य विधिमंडळाच्या सभागृहाची गणपूर्ती (कामकाजासाठी हजर असावी लागणारी किमान संख्या) म्हणजे १० सदस्य किंवा एकूण संख्येचा एक दशांश, यांतलं जे जास्त असेल ते. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य, म्हणून २९ लागतात. विधान परिषदेत ७८, त्यामुळे तिथे १०. पाठ झालं, पान उलटलं.

दुपारी तांबडी वही. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, 'गणपूरक' हा पाली शब्द भेटला आणि मी थांबलेच. संघाच्या कामकाजाला लागणारी संख्या भरून काढणारा भिक्खू, तो गणपूरक! मग वाचतच गेले. ठराव आधी रीतसर मांडायचा. एकमत झालं नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मतं घ्यायची. उघड, गुप्त किंवा कानात सांगून. काड्या गोळा करणारा पक्षपात, द्वेष, अज्ञान आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. निवडणूक अधिकाऱ्यासाठी याहून चांगली अट मला तरी सुचत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी संविधान सभेत हेच तर सांगितलं होतं. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे नियम भिक्खू संघ पाळत होते. ती लोकशाही भारताने गमावली, आता पुन्हा गमावेल का, असं त्यांनी विचारलं. ते भाषण मी आजवर फक्त तारखेपुरतं वाचलं होतं. आज पूर्ण वाचलं. अंगावर काटा आला.

पण रात्री मनात घोळतोय तो सोण कुटिकण्ण. बुद्धांच्या काळातला, अवंतीचा म्हणजे माळव्याकडचा तरुण. उपसंपदेला, म्हणजे भिक्खू होण्याच्या पूर्ण दीक्षेला, दहा भिक्खू लागत आणि अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे. त्याचे गुरू महाकच्चान यांना दहा जण जमवायला तीन वर्षं लागली. पुढे सोण बुद्धांच्या दर्शनाला निघाला, तेव्हा गुरूंनी त्याच्याजवळ निरोप दिला: आमच्याकडे ही संख्या कमी करावी. बुद्धांनी सीमेकडच्या प्रदेशांसाठी ती पाचावर आणली.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याचं काम पाचांवर झालं म्हणायचं."

नाही गं. त्याला दहाच लागले होते. सवलत मिळाली ती मागून येणाऱ्यांना.