उतारावर चारही चाके: हिवाळ्यात सोलंग ते सिस्सू

मनालीहून बियासच्या काठाने वर जाणारा रस्ता पलचानला दुभंगतो. उजवी वाट कोठी आणि गुलाबा मागे टाकत रोहतांग खिंडीकडे चढते, तर डावी वाट सोलंगवरून धुंदीला, म्हणजे अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी पोहोचते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी हा ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला होईपर्यंत उजवी वाट बंद झाली की खिंडीपलीकडचा सगळा लाहौल प्रदेशच बंद होत असे. ३,९७८ मीटर उंचीची ती खिंड हिवाळाभर बर्फाखाली असे आणि पलीकडच्या गावातून आजारी माणसाला हलवायचे तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. सीमा सडक संघटनेने बांधलेल्या बोगद्याने ही कोंडी फोडली, आणि लाहौलच्या माणसासाठी याहून मोठे काम गेल्या कित्येक पिढ्यांत झाले नसेल. मात्र पूर्वी हिवाळ्यात जिथे बाहेरची गाडी पोहोचूच शकत नव्हती, त्या ३,००० मीटरांवरच्या रस्त्यावर आता पुण्या-मुंबईहून किंवा दिल्ली-चंडीगडहून आलेला, बर्फावर कधीही गाडी न चालवलेला माणूस सकाळचा नाश्ता करून निघतो आणि दुपारच्या जेवणाला बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात असतो. खिंड त्याला अडवत होती, तेव्हा ती त्याला वाचवतही होती, असे मला हा प्रवास केल्यावर वाटू लागले आहे.

आम्ही डिसेंबरच्या अखेरीस गेलो. गाडी आणि चालक दोन्ही स्थानिक होते. चालक मूळचे लाहौलचे, पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या आवारात महाराष्ट्राच्या पाट्या असलेल्या बऱ्याच गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या एका फोर-बाय-फोरमधून, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणाऱ्या गाडीतून, उतरलेल्या कोल्हापूरकडच्या तरुणांशी गप्पा झाल्या. मुले जाणती होती. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलाच्या वाटा त्यांनी पालथ्या घातल्या होत्या, ओढे पार केले होते, रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या होत्या. गाडीत दोर, फावडे, हवेचा पंप असे सगळे साहित्य नीट लावलेले होते. बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, फोर-बाय-फोर आहे, साखळ्यांची गरज पडणार नाही." त्याच्या बोलण्यात बढाई नव्हती. त्याच्या अनुभवाने त्याला जे शिकवले होते, तेच तो प्रामाणिकपणे सांगत होता, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

चिखलात अडचण असते ती पुढे सरकण्याची. मागची दोन चाके जागच्या जागी फिरू लागतात, पुढच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते, आणि थांबायचे झाले तर चिखलच गाडीला धरून ठेवतो. आपल्याकडच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या चालकाचे सगळे शिक्षण या चिखलात झालेले असते, आणि ‘चारही चाकांना ताकद म्हणजे संकटातून सुटका’ हे समीकरण त्याच्या अंगवळणी पडलेले असते. बर्फावर प्रश्न उलटा होतो. तिथे निघणे तुलनेने सोपे आणि थांबणे अवघड. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. मग ती साधी आल्टो असो किंवा डोंगर चढणारी अवजड एसयूव्ही. इंजिनाची ताकद किती चाकांना जाते, याचा ब्रेक दाबल्यानंतर गाडी किती अंतरात थांबेल याच्याशी संबंध नसतो. तिथे केवळ रबर आणि रस्ता यांच्यातली पकड उरते.

सोलंग सोडल्यावर एका मोकळ्या, सावलीतल्या सरळ तुकड्यावर आमच्या चालकांनी मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि माणूस धावेल इतक्याच वेगात असताना ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके पूर्ण अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवली, चाके धरली-सोडली जात असल्याचा खडखडाट ऐकू आला आणि गाडी जणू आपला काही संबंधच नसल्यासारखी पुढे जात राहिली. ती थांबली तेव्हा त्यांनी आरशातून मागे पाहत फक्त "देखा?" एवढेच विचारले. रस्ता दिसायला नुसता ओला होता. त्याचा काळेपणा डांबराचाच होता, फक्त त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता.

संध्याकाळी मी वहीत हिशेब मांडला. कोरड्या डांबरावरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.७ धरली, तर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ही पकड ०.२ च्या आसपास येते आणि तेच अंतर ३१ मीटर होते. गुळगुळीत, वरून किंचित वितळलेल्या बर्फावर ती ०.१ किंवा त्याहूनही कमी होते आणि गाडीला ६३ मीटर लागतात. हे सपाट रस्त्याचे झाले. उतार ८ टक्क्यांचा असेल, तर ताशी केवळ २० किलोमीटर वेगातल्या गाडीलाही जवळपास ८० मीटर लागतील. उतार १० मीटरला १ मीटर झाला, तर या पकडीवर ब्रेकने ती थांबणारच नाही. या हिशेबात गाडीचे वजन येत नाही आणि किती चाकांना ताकद जाते हेही येत नाही. घाटरस्त्याच्या वळणावर ८० मीटर मोकळे कुठे मिळतात, हे सह्याद्रीत गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

याहून गंभीर गोष्ट मला चालकांच्या बोलण्यातून उमगली. दोनच चाकांना ताकद असलेली गाडी बर्फावर निघतानाच अडखळते, चाक फिरते, शेपूट हलते, आणि चालकाला पहिल्या दहा मीटरांतच रस्त्याची अवस्था कळते. चारही चाकांना ताकद असलेली गाडी मात्र त्याच रस्त्यावर शांतपणे निघते, वेग घेते, चढ चढते. रस्ता तितकाच निसरडा असतो, पण तसे सांगणारी खूण नाहीशी झालेली असते. ती खूण मग पहिल्या वळणावर किंवा पहिल्या उतारावर मिळते, आणि तोवर वेग वाढलेला असतो. त्यातही ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस (अॅक्सल) एकमेकांना घट्ट जोडला जातो, अशा पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये निसरड्या वळणावर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते, कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना जे वेगवेगळे अंतर कापायचे असते त्याला मुभाच उरत नाही. याच कारणासाठी बोगद्यातल्या कोरड्या रस्त्यावर आमच्या चालकांनी गाडी पुन्हा दोन चाकांवर आणली, आणि बाहेर पडण्याआधी आठवणीने चारवर घेतली.

बोगद्याचे उत्तर तोंड ३,०७१ मीटरांवर, तेलिंग गावाजवळ आहे. नऊ किलोमीटर कोरडा, दिव्यांनी उजळलेला, सरळसोट रस्ता कापून माणूस बाहेर येतो तो उत्तरेकडे तोंड केलेल्या डोंगराच्या सावलीत. हिवाळ्यात तिथे ऊन फारसे पोहोचत नाही. समोर चंद्रा नदीवरचा पूल लागतो. पलीकडे डावीकडे सिस्सू आणि उजवीकडे कोकसर. बोगद्यातल्या वेगाची सवय झालेला पाय इथे वेळेत वर येत नाही, हे दोन गाड्यांच्या बाबतीत आम्ही डोळ्यांनी पाहिले. दोन्ही चालक पुलाअलीकडे गांगरले, गाड्या तिरक्या झाल्या आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसल्या. कोणाला लागले नाही. दोन्ही गाड्या फोर-बाय-फोर होत्या.

सिस्सूबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथल्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. गेपन शिखर स्वच्छ दिसत होते आणि लाहौलचे दैवत राजा घेपन यांचे या गावावर छत्र आहे. पूल ओलांडल्यावरचा रस्ता उन्हाच्या बाजूला असल्यामुळे दुपारी वरच्या उतारावरचा बर्फ वितळून पाण्याचे ओघळ रस्त्यावरून वाहत होते. पाहुणे त्यांत फोटो काढत होते आणि आमचे चालक त्याच ओघळांकडे पाहत घड्याळ बघत होते. ऊन उतरले की हेच पाणी गोठणार आणि सकाळी जिथे रस्ता होता तिथे काच होणार, म्हणून तीन वाजायच्या आत निघायचेच, असा त्यांचा आग्रह होता. जवळच चंद्रेच्या पात्रात गाडी घालण्याचा मोह काहींना होत असतो. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या गर्दीत एका चालकाने एसयूव्ही थेट या नदीच्या पाण्यातून नेली, ती चित्रफीत देशभर पसरली आणि लाहौल-स्पीती पोलिसांनी त्याचे चलान केले. रस्त्यावरची गर्दी टाळायला नदीत उतरणारा माणूस गाडीच्या जाहिरातीवर किती विश्वास ठेवतो, याचा मला विषाद वाटतो.

परतीच्या वाटेवर, बोगद्यातून धुंदीच्या बाजूला बाहेर पडल्यानंतर, चालकांनी मोकळी जागा पाहून गाडी कडेला घेतली आणि डिकीतून साखळ्या काढल्या. सकाळी चढताना त्या लावल्या नव्हत्या. आता उतरताना लावत होते, आणि त्याही चारही चाकांना. मी मदतीला गेलो. लोखंड इतके गार होते की हातमोज्यातूनही बोटे दुखत होती. साखळी चाकावर पसरायची, आतला आकडा हाताने चाचपून अडकवायचा, बाहेरचा ताण घ्यायचा, गाडी थोडी पुढे न्यायची आणि पुन्हा ताणायची. फक्त पुढच्या चाकांना साखळ्या लावल्या तर उतारावर मागचा भाग फिरून पुढे येऊ पाहतो, आणि फक्त मागच्यांना लावल्या तर सुकाणू ऐकत नाही, असे त्यांनी सांगितले. नंतर त्यांनी लो रेंज, म्हणजे गाडी अगदी सावकाश चालवणारी गिअरची जोडणी, घेतली, पहिला गिअर टाकला आणि ब्रेकला जवळपास पाय न लावता, इंजिनाच्या आवरण्यावर गाडी सोलंगपर्यंत आणली. फोर-व्हील ड्राइव्हचा उतारावरचा खरा उपयोग हाच आहे: इंजिनाची ओढ चारही चाकांवर विभागली जाते. मात्र त्यासाठी माणसाच्या चालीचा वेग पत्करावा लागतो, आणि मागून हॉर्न वाजत असताना तो टिकवून धरण्याचे धैर्य लागते. वाटेत हिमाचल परिवहनची साखळ्या लावलेली एक बस वर जाताना भेटली. ताकद फक्त मागच्या चाकांना, पण चालक रोजचा. कोणतीही गडबड न करता ती पुढे गेली.

टायरचा मुद्दा यातच येतो. आपल्याकडच्या गाड्यांना बसवलेल्या टायरचे रबर उष्ण रस्त्यांसाठी असते आणि पारा ७ अंशांखाली गेला की ते कडक होऊ लागते. खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर भुसभुशीत बर्फात बरे चालतात, पण काचेसारख्या पृष्ठभागावर त्या नक्षीला धरायला काही सापडत नाही. हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या आत हिमकणाचे चिन्ह असते. महाराष्ट्रातून आलेल्या ज्या गाड्या मी मुद्दाम वाकून पाहिल्या, त्यांतल्या एकीवरही ते नव्हते. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात.

२७ डिसेंबर २०२४ रोजी सोलंगला अचानक जोरदार बर्फ पडला आणि सुमारे ५,००० पर्यटक हजारभर गाड्यांसह अडकले. कुल्लू पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. अशा कोंडीत गाडीची ताकद निरुपयोगी असते, कारण पुढची एक गाडी आडवी झाली की मागच्या सगळ्या थांबतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसे दगावली. सायलेन्सर बर्फात गाडला गेला असताना हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, तर विषारी वायू आत येतो आणि बसलेल्यांना कळतही नाही.

बर्फ पडल्यावर पोलीस सोलंगच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांना सोडतात. गाड्या चढावर अडकून रस्ता तुंबू नये, यासाठी हा नियम रास्त आहे. पण नाक्यावरचा दांडा वर गेला की आतल्या माणसाला ती आपल्या सुरक्षिततेची पावती वाटते, आणि त्या कोल्हापूरच्या मुलांसारख्या जाणत्या चालकांनाही तसेच वाटत होते. माझी मनापासून विनंती आहे की त्या नाक्यावर फोर-बाय-फोर असली तरी गाडीत साखळ्या आहेत का, त्या उतरताना लावायच्या आहेत हे चालकाला ठाऊक आहे का, आणि परत कधी निघणार, एवढे तीन प्रश्न प्रत्येक गाडीला विचारले जावेत, आणि दुपारनंतर आलेल्या गाडीला, तिची किती चाके फिरतात हे न पाहता, मनालीला परत पाठवले जावे.