अजब बंगल्यातली भरमार आणि किल्ल्यावरची रांग

माझा आतेभाऊ अमेरिकेत, पेनसिल्व्हानियात असतो आणि नाताळ उलटला की ठासणीची बंदूक घेऊन हरणामागे जातो. घरात हे बोलायची सोय नाही, आत्या माळकरी. यंदा जानेवारीत तो नागपूरला आला आणि पहिल्याच दिवशी हळूच म्हणाला, ‘तुमच्याकडच्या भरमार दाखव ना बे.’ भरमार म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक. शिकारीची गोष्ट आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापाशी संपते, तेव्हा आमची मोहीम बघण्यापुरतीच.

आधी अजब बंगला. सिव्हिल लाइन्समधलं हे संग्रहालय 1863 चं. सोमवारी बंद असतं, आणि निघण्याआधी शस्त्रांचं दालन उघडं आहे का ते विचारून घ्या. शाळेच्या सहलीत आपण भुसा भरलेले प्राणी बघण्यात रमतो, बंदुकांपाशी कोण थांबतं? भावाने मला थांबवलं. नळीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला बघायचं. जळती वात धरायचा चिमटा असेल तर तोड्याची बंदूक. गारगोटी पकडणारा जबडा आणि समोर पोलादी पत्रा असेल तर चकमकीची. नुसता हातोडीसारखा घोडा असेल तर टोपीची, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आदळून पेटणारी. त्याच्याकडच्या नाताळानंतरच्या खास हंगामात चकमकीचीच लागते, टोपीची चालत नाही.

काचेपुढे उभं राहून त्याने अख्खी बंदूक हवेत भरून दाखवली. दारू मापाने घ्यायची, आणि बारूददानीतून थेट नळीत कधीच ओतायची नाही. मागच्या बाराचा निखारा तळाशी धुमसत असला तर हातातली दानीच उडेल. मग चरबी लावलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी. त्याची नळी अर्ध्या इंचाची, गोळी 0.490 इंचाची, उरलेली फट चिंधी भरून काढते. गजाने ठासताना तोंड आणि छाती नळीसमोरून बाजूला ठेवायची, आणि गोळी दारूवर पक्की टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. म्हणून त्याच्या गजावर दोन खुणा आहेत, एक भरलेल्या नळीची, एक रिकामीची. दारूही काळीच हवी. आजच्या काडतुसातली बिनधुराची घातली तर बंदूक हातातच फुटते.

शेवटी रंजक, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकाशी, कानाशी, ठेवायची चिमूटभर दारू. ठिणगीने आधी ती पेटते. मला वाटायचं, जितकी जास्त तितकं चांगलं. तर उलट! कान बुजला की ती वातीसारखी जळत जळत आत जाते आणि बार उशिरा होतो. तशीही चकमकीच्या बंदुकीत आधी डोळ्यासमोर भपका उठतो आणि क्षणभराने गोळी सुटते. त्या क्षणात मान हलली की नेम गेला. कधी रंजक पेटते आणि आत काहीच होत नाही, खरा फुसका बार. अशा वेळी नळी मोकळ्या दिशेला तशीच धरून मिनिटभर थांबायचं. वाकून बघणं म्हणजे मूर्खपणा.

‘आणि लांबचं हरीण?’ मी विचारलं. पन्नास-साठ पावलांपलीकडे तो चाप ओढतच नाही. दुसरी गोळी भरेपर्यंत हरीण तालुका ओलांडतं. बार झाला की धुराने समोरचं काही दिसत नाही, म्हणून लगेच खाली बसून धुराखालून बघायचं. यंदा मात्र ओल्या बर्फाने रंजकीचा चिखल केला. चामड्याचं टोपरं घोड्यावर बांधूनही दोन दिवस नुसता फिरला गडी. थंडीतून आलेली बंदूक उबदार खोलीत नेली की तिला घाम फुटतो, हे त्याचं लाडकं दुखणं. आणि बार झालेली नळी त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवायची. काळ्या दारूची राख ओल धरते आणि गंज चढतो.

26 जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराकडे आहे, सामान्यांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतो. ओळखपत्र ठेवा, पिशव्या कमी न्या, फोटोचं आधी विचारा. 1 मेला जाणार असाल तर डोक्याला दुपट्टा आणि पाणी विसरू नका. मी तर जानेवारीच सांगेन. सकाळी लवकर रांग लावा, पोटात तर्री पोहे टाकून. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला इथे भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, दोन्हीकडे ठासणीच्याच बंदुका. लहान टेकडी भोसल्यांकडच्या अरबांनी घेतली होती. तिथे दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इंग्रजांनी तो मोका साधला. भाऊ ते ऐकून बराच वेळ गप्प होता. जवळच कस्तुरचंद पार्कात 2019 मध्ये खोदकामात जुन्या तोफा निघाल्या होत्या, त्याही तोंडानेच भरायच्या.

एक सांगायचं राहिलं. वाड्याच्या माळ्यावर कुणाला पणजोबांची भरमार सापडली तर ती भरलेलीच आहे असं धरा. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षं जिवंत असते. चाप ओढून बघू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

संध्याकाळी आत्याने विचारलं, ‘दोन दिवस कुठे भटकता रे?’

‘इतिहास बघत होतो,’ भाऊ म्हणाला आणि दुसरी पोळी वाढून घेतली.