लिफ्ट, मोठे टायर आणि हरवलेलं ॲव्हरेज

कच्च्या वाटांवर हिंडायचं म्हणून माझ्या डिझेल फोर-बाय-फोरला ५० मिमीची लिफ्ट (गाडी जमिनीपासून उंच करणारा बदल), चिखलासाठीचे मड-टेरेन टायर, लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढायची विंच, इंजिनाला उंचावरून हवा देणारं स्नॉर्केल आणि छतावर कॅरियर असं सगळं एकाच वेळी बसवून घेतलं. तिथेच चुकलो. लिटरला १२.५ किलोमीटर देणारी गाडी ९.५ वर आली, चढावर ओढेना, आणि यातला दोष कशाचा हे सांगायला काही मार्ग उरला नाही.

मग एकेक गोष्ट तपासायला घेतली. दर वेळी टाकी फुल्ल, तोच रस्ता, तोच वेग, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा फुल्ल.

पहिली गफलत मोजण्यातच निघाली. मूळ टायर २३५/७० आर१६, नवे २४५/७५ आर१६. व्यास ७३५ मिमीवरून ७७४ वर गेलेला, म्हणजे ५ टक्क्यांहून थोडा जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटर फेरेच मोजतो. त्याने १०० किलोमीटर दाखवले तेव्हा जीपीएसवर १०५ झाले होते. म्हणजे खरं ॲव्हरेज १० होतं. मोठे टायर टाकल्यावर ॲव्हरेज फार पडलं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशेब करावा, असं मला मनापासून वाटतं.

पिकअप का गेला, तेही याच आकड्यात होतं. इंजिनाची ताकद कमी झालीच नव्हती. चाकाची त्रिज्या वाढली की तोच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जमिनीवर ५ टक्के कमी जोर लावतो. चाकांना ताकद देणारा डिफरन्शियल ३.७३ रेशोचा, म्हणजे त्याच्याकडे येणारा दांडा ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं; तो जणू ३.५४ चा होतो. त्यात प्रत्येक टायर जुन्यापेक्षा जड, आणि ते वजन चाकाच्या कडेला, फिरणारं. दर वेळी वेग घेताना ते फिरवायला वेगळी ताकद जाते. म्हणून जी चढण पूर्वी पाचव्यात निघायची तिथे चौथा टाकावा लागत होता.

नंतर कॅरियर उतरवला. सरळ १०.८! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० ला गेलात की दीडपटीहून जास्त. लिफ्टमुळे गाडी आधीच उंचावलेली, त्यावर हा सांगाडा. कच्च्या रस्त्यावर त्याचा फरक जाणवलाच नव्हता, हायवेवर मात्र तोच सर्वात महाग पडत होता. टायरमधली हवाही वाळूसाठी कमी केलेली तशीच राहिली होती. ती भरल्यावर ११ झालं. स्नॉर्केलने ना ताकद वाढली ना ॲव्हरेज. पण ते पाणी आणि धुळीसाठी असतं, आणि ते काम ते चोख करतं.

शेवटी क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचा रेशो ठरवणारी गिअरची जोडी, बदलायचं ठरवलं, ३.७३ ऐवजी ४.१०. पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल एकाच रेशोचे लागतात. नाहीतर फोर-व्हीलमध्ये टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. खर्चिक काम आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात समाधानाचं. मोठ्या टायरसकट गाडी आता मूळपेक्षा साडेचार टक्के आखूड, म्हणजे चाकाला जास्त जोर देणाऱ्या, गिअरिंगवर चालते. ती चढण पुन्हा पाचव्यात निघाली, तेव्हा मी गाडी वर थांबवून खाली उतरलो आणि थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

घरी येऊन टाकीचा हिशेब केला, तर ॲव्हरेज ११.५ च्या वर! क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आलं, माझ्या गाडीचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर आहे, म्हणजे डिफरन्शियलच्या आधीचे फेरे मोजतो. रेशो बदलल्यामुळे ओडोमीटर आता उलट्या बाजूला चुकत होता, १०० दाखवून जेमतेम ९६ धावत होता. पुन्हा जीपीएस लावला, पुन्हा तोच रस्ता. खरा आकडा ११.१ आला.