'मुळे' की 'नंतर'?

उचकी थांबेना म्हणून मला कॅज्युअल्टीत बोलावलं. पेशंट 37 वर्षांची, बीपी-शुगर काही नाही. चक्कर-उलटीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. पण तिची डावी पापणी जराशी उतरलेली, त्याच डोळ्याची बाहुली बारीक. टाचणी लावली तर डाव्या गालावर टोचेना, आणि अंगाला टोचेना ते उजव्या! परीक्षेत हमखास विचारतात ते लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या देठात एका बाजूला झालेला स्ट्रोक. प्रत्यक्षात मी दुसऱ्यांदाच पाहत होते.

सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) मानेच्या वरच्या दोन मणक्यांपाशी डावी व्हर्टिब्रल धमनी, मानेतून मेंदूला रक्त नेणारी, अरुंद झालेली. आतलं अस्तर फाटून भिंतीत रक्त शिरलं होतं. तेव्हा कुठे नवरा बोलला, सकाळी कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणके-सांधे 'बसवणारा') जाऊन मान 'कट्कन' मोडून घेतली होती. ही धमनी तिथेच वळसे घेते. मान झटक्यात फिरली की ताण तिथेच पडतो. मी केसपेपरवर लिहून मोकळी झाले: मान मोडल्यामुळे स्ट्रोक.

सरांनी 'मुळे' खोडून 'नंतर' लिहिलं.

"ती तिथे गेली कशाला होती?"

मानदुखीसाठी. आणि धमनी फाटल्याचं पहिलं लक्षण अनेकदा मानदुखीच असतं. म्हणजे फाटलेली धमनीच तिला तिथे घेऊन गेली असेल तर? कॅनडातल्या ओंटारियोतल्या अशा स्ट्रोकच्या 818 रुग्णांचा 2008चा अभ्यास हेच सुचवतो: पंचेचाळिशीच्या आतल्यांत कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी स्ट्रोकचा जसा संबंध दिसला, तसाच साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही. कायरोप्रॅक्टर मंडळी हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात, ते मात्र मला पटत नाही. आधीच फाटलेल्या धमनीला झटका दिला तर गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते, त्याचं काय? अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2014मध्ये संबंध मान्य केला, कारण सिद्ध झालंय असं म्हटलं नाही, आणि हा धोका मान मोडण्याआधी पेशंटला सांगा, असं बजावलं.

नवऱ्याने दाराशी गाठलं. "डॉक्टर, त्याच्यामुळेच ना?" मी 'नंतर' म्हणाले. त्याला तो शब्द पळवाटच वाटला असणार.

अ‍ॅस्पिरिन सुरू झाली, खाणं नाकातल्या नळीतून. तिसऱ्या दिवशी उचकी थांबली तेव्हा मी तिच्याशी नीट बोलले.

"मान आधीपासून दुखत होती?"

"चार दिवस. पण असं कधीच दुखलं नव्हतं. एकाच बाजूला, मागून डोक्यात चढणारं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही." मग थोडं थांबून, "तुम्ही तरी कुठे विचारलंत, आजपर्यंत?"